आधी डिस्प्ले वाचा: होम थिएटर रिसीव्हरचे साउंड मोड कसे निवडायचे

रिसीव्हर घरात नवा आला की पहिले काही दिवस जो तो रिमोट घेऊन साउंड मोडची बटणं दाबत बसतो. स्टेडियम, जॅझ क्लब, कॉन्सर्ट हॉल, मल्टी चॅनल स्टिरिओ. त्यातल्या एखाद्या मोडमध्ये आवाज भरल्यासारखा वाटतो, सगळे माना डोलावतात आणि तो मोड तिथेच चिकटतो. पुढे कित्येक वर्षं सिनेमा, बातम्या, अभंग, फुटबॉल सगळं त्यातूनच गाळून येतं. ‘संवाद कळतच नाहीत, जरा येऊन बघशील?’ असा फोन आला की मी स्पीकरकडे नंतर बघतो, आधी रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे. म्हापसा असो की मडगाव, बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

मोड म्हणजे नुसता आवडीनिवडीचा मामला असं धरून चालू नका. आवडीला जागा आहे, पण ती शेवटी. त्याआधी दोन गोष्टी ठाऊक हव्यात: रिसीव्हरमध्ये या क्षणी किती चॅनलचा आवाज येतोय, आणि तुमच्याकडे स्पीकर किती आणि कुठे आहेत. हे कळलं की रिमोटवरच्या वीसेक मोडांपैकी तुमच्या कामाचे तीन-चारच उरतात.

पहिली पायरी: आत काय येतंय?

रिमोटवर ‘इन्फो’ किंवा ‘स्टेटस’ असं बटण असतं. एखादा कार्यक्रम चालू असताना ते दाबा. रिसीव्हरच्या काचेवर किंवा टीव्हीच्या पडद्यावर दोन वेगळ्या गोष्टी दिसतील: आत येणारा सिग्नल आणि सध्या लावलेला साउंड मोड. या दोघांची गल्लत हमखास होते. ‘डॉल्बी सराउंड’ अशी अक्षरं दिसली की वाटतं, वा, सिनेमा डॉल्बीत चाललाय. पण आजच्या रिसीव्हरवर डॉल्बी सराउंड हे एका मोडचं नाव आहे. आत येणारा आवाज साधा दोन चॅनलचा असला, तरी हीच अक्षरं दिसतील. म्हणून मोडची ओळ सोडा आणि सिग्नलची ओळ वाचा.

तिथे नुसतं ‘पीसीएम’, म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज, असेल तर बहुधा दोन चॅनलचा आवाज येतोय. ‘मल्टी चॅनल इन’ म्हणजे पीसीएमच, पण पाच किंवा सात चॅनलचा. ॲपल टीव्ही आणि गेम कन्सोल बहुतेकदा असाच आवाज पाठवतात. ओटीटीवरचे सिनेमे आणि मालिका ‘डॉल्बी डिजिटल प्लस’मध्ये येतात, त्यातल्या काही ‘ॲटमॉस’मध्ये, म्हणजे उंचीवरचे आवाजही असलेल्या डॉल्बीच्या प्रकारात. ‘ट्रूएचडी’ किंवा ‘डीटीएस-एचडी मास्टर’ दिसलं तर ब्लू-रे डिस्क किंवा तिच्यावरून उतरवलेली फाइल लावलेली असणार.

पण नावावरून चॅनल किती ते ठरत नाही. डॉल्बी डिजिटलमध्ये दोनच चॅनल भरलेले असू शकतात, आणि डीटीएचच्या बॉक्सवर असं दिसतंही. म्हणून नावाशेजारचे आकडे किंवा छोटे चौकोन बघा. ५.१ म्हणजे समोर डावा, मधला आणि उजवा, बाजूला दोन सराउंड, आणि ‘.१’ हा खर्जाच्या धमाक्यांसाठीचा वेगळा चॅनल. हा वेगळा चॅनल साधारण १२० हर्ट्झपर्यंतच असतो आणि सबवूफरकडे, म्हणजे खर्जाच्या स्पीकरकडे, जातो. काही रिसीव्हर येणाऱ्या प्रत्येक चॅनलचं अक्षर डिस्प्लेवर उजळवतात. डावा-उजवा एवढीच दोन अक्षरं पेटलेली असतील, तर बाकी काहीही लिहिलेलं असो, तो स्टिरिओच आहे.

इथे एक सापळा आहे, त्यात भले भले अडकतात. स्ट्रीमिंग बॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑडिओ फॉरमॅट ‘डॉल्बी डिजिटल ५.१’ असा कायमचा बांधलेला असेल, तर बॉक्स प्रत्येक गोष्ट ५.१ च्या डब्यात घालून पाठवतो. जुनं स्टिरिओ गाणंही. डिस्प्लेवर ५.१ दिसतं, सगळी अक्षरं पेटतात, पण मागचे स्पीकर मुके राहतात, कारण त्या चॅनलमध्ये शांतताच भरलेली असते. शिवाय सिग्नल पाच चॅनलचा आहे या समजुतीने रिसीव्हर स्वतःहून आवाज पसरवायला जात नाही. मागच्या सराउंड स्पीकरला कान लावून बघा. डिस्प्ले ५.१ म्हणतोय आणि तिथे पूर्ण गाण्यात हूं की चूं नाही, असं असेल तर बॉक्सचं सेटिंग ‘ऑटो’ किंवा ‘सर्वोत्तम उपलब्ध’ अशा अर्थाच्या पर्यायावर न्या.

दुसरी पायरी: टीव्हीने वाटेत काही अडवलंय का?

बहुतेक घरांत ओटीटीची ॲप्स टीव्हीतच असतात आणि टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या ‘एआरसी’ जोडणीतून रिसीव्हरकडे येतो. सर्वांत जास्त गळती होते ती इथे. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘डिजिटल ऑडिओ आउट’ नावाची एक ओळ असते. कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. तिथे ‘पीसीएम’ निवडलेलं असेल, तर एआरसीवरून दोनच चॅनल बाहेर पडतात. मग तुम्ही ॲटमॉसचा सिनेमा लावा नाहीतर काहीही, रिसीव्हर बापडा दोन चॅनलवरच संसार करतो. ते बदलून ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’ करा आणि पुन्हा डिस्प्ले वाचा.

जुनी ऑप्टिकल वायर असेल तर तिच्यातून दोन चॅनलचं पीसीएम, किंवा साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस ५.१ जातं. त्यापुढचं, म्हणजे डॉल्बी डिजिटल प्लस आणि ॲटमॉस, जात नाही. साध्या एआरसीमधून डॉल्बी डिजिटल प्लस आणि त्यातलं ॲटमॉस जातं. ब्लू-रेचं ट्रूएचडी आणि मल्टी चॅनल पीसीएम मात्र ‘ईएआरसी’, म्हणजे एआरसीची पुढची आवृत्ती, असेल तरच. त्यामुळे ब्लू-रे प्लेअर किंवा कन्सोल टीव्हीला न लावता सरळ रिसीव्हरच्या एचडीएमआयमध्ये लावावा. प्लेअरच्या मेनूत ‘सेकंडरी ऑडिओ’ बंद ठेवा, नाहीतर डिस्कवरचा मूळ आवाज जसाच्या तसा बाहेर येत नाही.

डीटीएसचा, म्हणजे डॉल्बीच्या प्रतिस्पर्धी फॉरमॅटचा, घोळ वेगळा. पेन ड्राइव्हवरचा सिनेमा टीव्हीला लावला, चित्र आलं आणि आवाजच नाही, हे अनेकांनी पाहिलंय. सॅमसंगने २०१८ च्या टीव्हींपासून डीटीएस काढून टाकलं. एलजीने २०२० मध्ये काढलं आणि २०२३ च्या काही मॉडेलांत परत आणलं. अशा वेळी रिसीव्हरचे मोड बदलत बसण्यात हशील नाही. आवाज त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

प्लॅनही एकदा तपासा. नेटफ्लिक्सवर ॲटमॉस सगळ्यात वरच्या प्लॅनमध्येच मिळतं. आणि भाषा बदलली की ट्रॅकही बदलतो. मूळ भाषेत ॲटमॉस आणि हिंदी डबिंगला ५.१ किंवा नुसता स्टिरिओ, असं सर्रास असतं. सिनेमा सुरू करताना ऑडिओच्या यादीत डोकवायला दोन सेकंद लागतात.

तिसरी पायरी: मोडांची तीन घराणी ओळखा

नावं कितीही असली तरी घराणी तीनच.

पहिलं घराणं ‘जसं आहे तसं’. पाच चॅनल आले तर पाच स्पीकर, दोन आले तर दोन. डेनॉन आणि मरँट्झवर याला ‘ऑटो’ म्हणतात, यामाहावर ‘स्ट्रेट’, सोनीच्या बऱ्याच मॉडेलांवर ‘ए.एफ.डी.’. ‘डायरेक्ट’ आणि ‘प्युअर डायरेक्ट’ही याच घराण्यातले, पण त्यांच्यात एक मेख आहे, ती पुढे सांगतो.

दुसरं घराणं पसरवणाऱ्यांचं, म्हणजे अपमिक्सरचं. येणारे चॅनल कमी आणि स्पीकर जास्त असतील तेव्हा हे मोड आवाज सगळीकडे वाटतात. आजच्या रिसीव्हरवर डॉल्बी सराउंड आणि डीटीएस न्यूरल:एक्स, काहींवर ऑरो-मॅटिक. डॉल्बी सराउंडचा हा अवतार ॲटमॉसच्या रिसीव्हरांबरोबर २०१४ च्या सुमारास आला. त्याआधीच्या यंत्रांवर हेच काम २००० सालचं प्रो लॉजिक टू आणि डीटीएस निओ:६ करत. तुमच्याकडे जुना रिसीव्हर असेल तर वाईट वाटून घेऊ नका. प्रो लॉजिक टू आजही उत्तम चालतं. त्याच्या ‘मूव्ही’ आणि ‘म्युझिक’ या दोन पोटप्रकारांत मात्र गल्लत करू नका.

तिसरं घराणं नकली खोल्यांचं: स्टेडियम, चर्च, क्लब, थिएटर. हे मोड आवाजात घुमारा मिसळतात. माझं स्पष्ट मत आहे की गोव्यातल्या घरात यांची गरज जवळजवळ नाहीच. लाद्यांची जमीन, चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, उंच छप्पर, मोठ्या खिडक्या. घुमारा आपल्या हॉलमध्ये फुकट मिळतो. त्यावर यंत्राचा घुमारा चढवला की संवादाचे शब्द एकमेकांत कालवले जातात. यामाहाच्या ‘सिनेमा डीएसपी’चे काही प्रकार समंजस आहेत आणि त्यांची मात्रा कमी करता येते, हे मान्य. पण गालिचा, जाड पडदे आणि गादीच्या सोफ्यांनी भरलेल्या खोलीतच ते शोभतात.

चौथी पायरी: पसरवणारा मोड काय करतो ते ऐकून घ्या

अपमिक्सर डाव्या आणि उजव्या चॅनलची सतत तुलना करत असतो. दोन्हीकडे सारखं असेल ते मधल्या स्पीकरला. फक्त डावीकडे असेल ते डाव्याला. दोन्हीकडे आहे, पण एकमेकांशी जुळत नाही, उलटसुलट फेजमध्ये आहे, ते मागच्या स्पीकरला आणि असल्यास छतावरच्यांना. हे सगळं वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांत एकाच वेळी चालतं. म्हणून नट समोर बोलत असताना मागे पाऊस पडत राहू शकतो.

याचा सगळ्यात सोपा धडा फुटबॉलमध्ये मिळतो. दोन चॅनलमध्ये येणारा सामना आधी ‘स्टिरिओ’वर ऐका, मग डॉल्बी सराउंड लावा. समालोचक टीव्हीच्या खाली मधोमध जाऊन बसतो, कारण त्याचा आवाज दोन्ही चॅनलमध्ये अगदी सारखा असतो. प्रेक्षकांचा गलबला विखुरलेला असतो, तो मागे सरकतो. गोल झाला की ओरडा पाठीमागून येतो. स्टेडियम मोडची काही गरज पडत नाही.

दुसरा धडा नाटकाचा. आपल्याकडे उत्सवी रंगमंचावरचं मराठी नाटक कुणीतरी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतंच. रंगमंचावरचे संवाद मधोमध ओढले जातात, टाळ्या आणि हशा मागे जातो. मंदिराच्या मंडपात पुढच्या रांगेत बसल्यासारखं वाटतं. मात्र चित्रीकरण मोबाइलच्या एकाच माइकवर झालेलं असेल, तर दोन्ही चॅनलमध्ये एकच आवाज असतो. मग अख्खं नाटक, टाळ्यांसकट, मधल्या एका स्पीकरमधून येतं. मोड बिघडलेला नसतो. वेगळं काढायला त्याला काही मिळालेलंच नसतं.

हाच मुद्दा जुन्या गाण्यांना लागू होतो, आणि गोव्यात तो फार महत्त्वाचा. दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनो आहेत. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या त्या १९५८ साली. केसरबाईंचं एक ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सौरमालेच्या बाहेरच्या प्रवासाला निघालं, आणि तुमच्या हॉलमध्ये मात्र ते मधल्या छोट्या स्पीकरमध्ये कोंबलं जातं. डॉल्बी सराउंड लावून असं गाणं ऐका आणि डाव्या मोठ्या स्पीकरला कान लावा: जवळजवळ काहीच नाही. मग ‘स्टिरिओ’ करा. आवाज दोन मोठ्या स्पीकरांच्या मध्ये, जिथे मधला स्पीकर आहे साधारण तिथेच, उभा राहतो, पण अंगाने भरलेला. मोनो गाण्यांसाठी स्टिरिओच.

चांगल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणासाठी अपमिक्सर लावायचाच असेल तर डॉल्बी सराउंडच्या सेटिंगमध्ये ‘सेंटर स्प्रेड’ नावाचा पर्याय शोधा आणि चालू करा. गायकाचा आवाज फक्त मधल्या स्पीकरमध्ये न आवळता तिन्ही समोरच्यांत वाटला जातो. सिनेमाला तो बंदच बरा. प्रो लॉजिक टूच्या म्युझिक प्रकारात ‘सेंटर विड्थ’ नावाने हेच काम होतं. न्यूरल:एक्स माझ्या कानाला मागचे स्पीकर जरा हट्टाने वाजवतो. ॲक्शन सिनेमात मजा येते, पण तंबोरा मागून वाजायला लागला की नको वाटतं.

पाचवी पायरी: स्पीकर जागेवर नसतील तर मोड काय करणार?

काही घरांत पाचही स्पीकर शोकेसमध्ये एका ओळीत असतात. मागे वायर न्यायची नाही, कारण लाद्या फोडायच्या नाहीत, हे समजू शकतो. पण मग ‘सराउंड’ हा शब्द विसरा. त्या दोन मागच्या स्पीकरांना रिसीव्हरमध्ये ‘नाही’ म्हणून नोंदवा आणि ३.१ वर सुखाने राहा. नाहीतर जे आवाज मागून यायचे ते टीव्हीशेजारून येतात आणि सगळा गोंधळ होतो. सराउंड स्पीकरची जागा बसणाऱ्याच्या बाजूला किंवा किंचित मागे. सरळ समोरच्या दिशेपासून मोजलं तर ९० ते ११० अंशांवर, कानापेक्षा थोडं वर.

जुन्या कौलारू घरात आणखी एक गोष्ट. आवाज वर फेकून छतावरून परतवणारे ॲटमॉस स्पीकर दुकानात सुंदर वाटतात, पण त्यांना सपाट, कठीण आणि फार उंच नसलेलं छत लागतं. उतरत्या कौलांवरून आवाज भलतीकडेच जातो. अशा घरात त्यांच्यापेक्षा भिंतीवर उंच लावलेले दोन साधे स्पीकर चांगले. तेही नको असतील तर ५.१ वर ॲटमॉस सिनेमा लावला तरी काही बुडत नाही. उंचीवरचे आवाज आहेत त्या स्पीकरांत मिसळून दिले जातात.

मग येतं कॅलिब्रेशन, म्हणजे खोलीप्रमाणे आवाज जुळवून घेणं. रिसीव्हरबरोबर आलेला छोटा माइक डब्यातून काढा. ऑडिसी, वायपाओ, अक्यूईक्यू, डिरॅक, नाव काहीही असो, पद्धत एकच: बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर माइक ठेवायचा आणि रिसीव्हरने सोडलेले आवाज त्याला ऐकू द्यायचे. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, कॅमेऱ्याच्या स्टँडवर लावा. पंखा, एसी, फ्रिज शक्य तर बंद. वेळ दुपारी दीड ते साडेतीन. बाजारपेठ झोपलेली, पोदेरची, म्हणजे पाववाल्याची, सायकल आणि तिचा भोंपू दोन्ही गप्प. एकापेक्षा जास्त जागा मोजायला सांगितल्या तर सगळ्या मोजा, कंटाळा करू नका.

मोजून झाल्यावर मेनूत जाऊन बघा. रिसीव्हर समोरच्या स्पीकरांना ‘लार्ज’ ठरवून मोकळा झालेला असेल आणि घरात सबवूफर असेल, तर त्यांना ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. मोठ्या लाकडी स्पीकरला स्मॉल म्हणताना जिवावर येतं, पण याचा अर्थ एवढाच की खर्ज सबवूफरने उचलायचा. घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीचं रेकॉर्डिंग लावून ऐका. घुमटाचा ठोका गोल आणि सुटा आला पाहिजे. तो लांबत, ढवळत आला तर सबवूफर कोपऱ्यातून थोडा बाहेर काढा.

आता ‘डायरेक्ट’ची ती मेख. डायरेक्ट आणि प्युअर डायरेक्टमध्ये रिसीव्हर स्वरांची सगळी छेडछाड थांबवतो. टोन कंट्रोल जातात, आणि त्यांच्याबरोबर माइकने केलेली खोलीची दुरुस्तीही जाते. प्युअर डायरेक्टमध्ये डिस्प्लेसुद्धा विझतो. ऐकायला हे फार पवित्र वाटतं. खोली उत्तम असेल तर ठीक. पण उघड्या लाद्यांच्या हॉलमध्ये ती दुरुस्तीच तुमचं अर्धं काम करत असते. गाणी ऐकायला लोक प्युअर डायरेक्ट लावतात आणि मग ‘आवाज टोचतो’ म्हणतात. ‘स्टिरिओ’ लावा. तेच दोन स्पीकर, पण सबवूफर आणि खोलीची दुरुस्ती दोन्ही सोबत.

सहावी पायरी: प्रसंगानुसार

सिनेमा ५.१ किंवा ॲटमॉसमध्ये येतोय आणि स्पीकर तितकेच आहेत: जसं आहे तसं. हात लावू नका. ५.१ येतंय पण छतावर स्पीकर आहेत, तर त्यावर डॉल्बी सराउंड चढवा, वरच्या स्पीकरांनाही काम मिळतं. ॲटमॉस येत असेल तर मोड ॲटमॉसच. त्यावर अपमिक्सर लागत नाही आणि लावायचं कारणही नाही.

मालिका, बातम्या, डीटीएच, यूट्यूब: बहुतेक दोन चॅनल. डॉल्बी सराउंड लावा. घरात सेंटर स्पीकर असेल तर याचा फायदा सोफ्याच्या टोकाला बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त होतो, कारण संवाद पडद्याशी बांधले जातात. तरीही शब्द कळत नसतील तर मोड बदलण्याआधी सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. हे ‘डायलॉग लेव्हल’ किंवा ‘चॅनल लेव्हल’मध्ये मिळतं. एकूण व्हॉल्यूम वाढवून संवाद कळत नाहीत, फक्त बंदुका जास्त जोरात वाजतात.

पावसाळा हा गोव्यातला खास प्रसंग. आषाढात पत्र्यांवर पाऊस कोसळायला लागला की सिनेमातली कुजबुज गेलीच. आवाज वाढवावा तर पुढच्या स्फोटाला शेजारचे जागे होतात. इथे साउंड मोड नव्हे, दुसरं बटण कामाला येतं: ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’, ‘नाइट मोड’, ‘लेट नाइट’ किंवा ‘अडॅप्टिव्ह डीआरसी’. हे बारीक आवाज वर उचलतं आणि मोठे दाबतं. पावसात लावा, मुलं झोपल्यावर लावा, आणि उघाड पडली की आठवणीने काढा, नाहीतर सिनेमाचा सगळा चढउतार सपाट होतो.

ऑडिसीच्या रिसीव्हरवर ‘डायनॅमिक ईक्यू’ नावाचा याचा चुलतभाऊ असतो. व्हॉल्यूम कमी असताना तो खर्ज आणि मागचे स्पीकर वाढवतो, कारण कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. सिनेमाला चांगला. गाण्यांना मात्र त्याचा ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ वाढवावा लागतो. सिनेमाला शून्य, टीव्हीला १०, आजच्या दणदणीत फिल्मी गाण्यांना १५. नाहीतर तबल्याचा बायाँ ढोलासारखा वाजतो.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरात गोतावळा जमतो. काहीजण गणपतीवरच्या माटोळीखाली, काहीजण रांधचे कुडीत (स्वयंपाकघरात), काहीजण बाल्कांवात (ओसरीवर) गप्पा मारत. आरत्या आणि भजनं लावायची असतील तर तिथे ‘ऑल चॅनल स्टिरिओ’ किंवा ‘मल्टी चॅनल स्टिरिओ’ हवाच. सगळ्या स्पीकरांतून एकच आवाज सगळीकडे जातो, कुणी एका जागी बसून ऐकत नसल्यामुळे दिशेचा प्रश्नच नाही. या मोडचं खरं काम हे. विसर्जन झालं की तो काढा. सिनेमा याच मोडवर राहिला तर सगळ्या स्पीकरांतून सगळंच येतं आणि पडद्यावरचा माणूस कुठून बोलतोय ते कळेनासं होतं.

गेमसाठी कन्सोलचा आवाज जसाच्या तसा. रिमोटवरच्या ‘गेम’ बटणाने चित्राला होणारा उशीर कमी होतो असा समज आहे. त्यासाठी टीव्हीचा गेम मोड लावावा लागतो.

छतावर स्पीकर नसताना ‘डीटीएस व्हर्च्युअल:एक्स’ किंवा डॉल्बीचं ‘हाइट व्हर्च्युअलायझेशन’ उंचीचा आभास करू बघतं. ऐकून बघा, काही खोल्यांत बरं लागतं. संवाद पातळ झाले तर लगेच बंद करा.

सातवी पायरी: बटणावर बसवून टाका

हे सगळं रोज कोण करत बसणार? घरात आई रिमोट घेते, मुलं घेतात. म्हणून रिसीव्हरला एकदाच शिकवा. बहुतेक यंत्रं प्रत्येक इनपुटसाठी शेवटचा मोड लक्षात ठेवतात, त्यामुळे डीटीएच, स्ट्रीमिंग आणि गाणी वेगवेगळ्या इनपुटवर असणं सोयीचं. डेनॉन आणि मरँट्झच्या रिमोटवर ‘क्विक सिलेक्ट’ किंवा ‘स्मार्ट सिलेक्ट’ची बटणं असतात, यामाहावर ‘सीन’. इनपुट, मोड, व्हॉल्यूम मनासारखं लावून बटण काही सेकंद दाबून धरलं की ते जतन होतं. पहिल्यावर सिनेमा, दुसऱ्यावर टीव्ही डॉल्बी सराउंडसह, तिसऱ्यावर गाणी स्टिरिओमध्ये, चौथ्यावर चवथ. बटणांवर कागदाच्या छोट्या पट्ट्या चिकटवा, आईला मोडची नावं पाठ करायची गरज नाही.

सगळं जुळलं की सेटिंग जतन करा. तुमच्या मॉडेलमध्ये पेन ड्राइव्हवर किंवा ब्राउझरमधून बॅकअप घेण्याची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर स्पीकरची अंतरं, पातळ्या आणि क्रॉसओव्हर दाखवणाऱ्या पडद्यांचे फोनवर फोटो काढून ठेवा. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात विजा चमकायला लागल्या की रिसीव्हरचा प्लग भिंतीतून काढा, आणि त्याच्याबरोबर डिशची आणि इंटरनेटची वायरही, कारण वीज त्या वाटेनेही आत येते. किनाऱ्याजवळच्या घरांत खारट हवेने स्पीकर वायरची उघडी टोकं हिरवी पडतात. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ती कापून नव्याने सोला, घट्ट आवळा आणि रिसीव्हरचा टेस्ट टोन सोडून प्रत्येक स्पीकर आपापल्या पाळीला बोलतोय का ते ऐका.